लाल बटणाला ठिकाण कळू दे: व्हीएचएफ रेडिओ आणि जीपीएसची जोडणी

डीएससीची (बटण दाबताच डिजिटल संदेश आपोआप पाठवण्याची) सोय असलेल्या व्हीएचएफ रेडिओवरचं, म्हणजे बोटीवरच्या बिनतारी संचावरचं लाल बटण काही सेकंद दाबून धरलं की चॅनेल ७० वरून संकटाचा संदेश जातो. त्यात बोटीची ओळख सांगणारा नऊ आकडी एमएमएसआय नंबर असतो. पण बोट कुठे आहे हे रेडिओला ठाऊक नसेल, तर शोधणाऱ्यांनी अख्ख्या समुद्रात शोधायचं कुठे? रेडिओला जीपीएस जोडणं हे दोन वायरींचं काम आहे, ते टाळू नका. (रेडिओतच जीपीएस असेल तर ही जोडणी लागत नाही.)

आधी दोन्ही यंत्रांची माहितीपुस्तिका काढा. वायरींच्या रंगावर मुळीच विसंबू नका, प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे. एनएमईए ०१८३ म्हणजे बोटीवरच्या यंत्रांनी एकमेकांना माहिती देण्याची ठरलेली पद्धत. जीपीएसकडे 'एनएमईए ०१८३ आउट' आणि रेडिओकडे 'एनएमईए इन' कुठल्या वायरी आहेत ते शोधून कागदावर लिहून घ्या. मग बॅटरीचा स्विच बंद करा.

आता जोडणी. जीपीएसची आउट प्लस (काही ठिकाणी 'ए' लिहिलेलं असतं) रेडिओच्या इन प्लसला, आणि आउट मायनस ('बी') इन मायनसला. जीपीएसला आउट मायनस नसेल तर रेडिओची इन मायनस जीपीएसच्या ग्राउंडला जोडा. उलटी अडचण, म्हणजे रेडिओला एकच इन वायर असेल, तर प्लसला प्लस जोडा, दोघांचे ग्राउंड एक करा आणि जीपीएसची 'बी' मोकळी ठेवून तिच्या टोकाला टेप गुंडाळा. ती ग्राउंडला लावू नका. एका जीपीएसवरून दोन-तीन यंत्रांना माहिती देता येते, पण एका इनवर दोन जीपीएस जोडायचे नाहीत.

वायरी पिळून वर टेप मारली की काम झालं असं वाटतं, पण खाऱ्या हवेत ते टिकत नाही. अशी जोड नंतर उघडली तर तांब्यावर हिरवट थर चढलेला दिसतो आणि तारा बोटांनीच तुटतात. कल्हई केलेली तांब्याची वायर घ्या, जोडाला सोल्डर करा आणि आतून गोंद असलेली उष्णतेने आवळणारी नळी चढवा. ही वायर अँटेनाच्या केबलला बांधून नेऊ नका.

स्विच चालू करून जीपीएसच्या सेटिंगमध्ये एनएमईए ०१८३ निवडा, माहिती पाठवण्याचा वेग (बॉड रेट) ४८०० ठेवा. रेडिओसाठी आरएमसी हे 'वाक्य' (ठिकाण आणि वेळ सांगणारा माहितीचा संच) चालू हवं. घड्याळ साडेपाच तास मागे दिसलं तर ती यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळ आहे, बिघाड नाही.

रेडिओच्या पडद्यावर अक्षांश-रेखांश आले? नसतील तर बहुधा प्लस-मायनस उलटे पडलेत, अदलाबदल करून पाहा. तपासणीसाठी लाल बटण कधीही दाबू नका. त्याऐवजी बोट जेटीपासून थोडी पुढे न्या, दोन्ही पडद्यांवरचे आकडे सोबत बदलताना दिसले पाहिजेत.