खोडावरचे पांढरे चट्टे: पंप काढण्याआधी भिंग काढा

पावसाळ्यात फळझाडांच्या खोडावरचे पांढरट-राखाडी चट्टे हिरवट होऊन ठळक दिसू लागतात आणि बुरशीनाशकाची घाई सुरू होते. सालीला घट्ट चिकटलेला असा चपटा थर बहुधा शैवाक, म्हणजे लायकेन असतो. बुरशी आणि शेवाळ यांचा हा सहवास. त्यातलं शेवाळ उन्हावर अन्न तयार करतं, झाडाचा रस कोणी शोषत नाही. त्यासाठी फवारणीचा खर्च मुळीच करू नका.

ओळख पटवायला दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरतं. कोरड्या चट्ट्यावर पाणी शिंपडा. वरचा पापुद्रा पारदर्शक होऊन आतलं शेवाळ दिसतं आणि रंग हिरवट होतो. मग पृष्ठभाग पाहा. गुळगुळीत सालीवरच्या फिकट थरात काळ्या, वाकड्यातिकड्या, कुठे फाटे फुटलेल्या रेघा कुणी लिहिल्यासारख्या दिसल्या, तर तो ग्राफिस नावाचा शैवाक किंवा त्याच्यासारखाच प्रकार. त्या रेघा म्हणजे बुरशीची बीजाणू तयार करणारी फळं. रेघांऐवजी कडा असलेल्या गोल चकत्या असतील, तर लेकॅनोरासारखा दुसरा प्रकार. नेमकी जात मात्र बीजाणू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. नुसत्या फोटोवरून कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

खरी काळजी घ्यायची ती दोन गोष्टींची. पहिली खवले कीड, म्हणजे सालीला चिकटून रस शोषणारे बारीक किडे: ती नखाने अलगद सुटते, शैवाक सालीसकट निघतो. दुसरा गुलाबी रोग: फांद्यांच्या बेचक्यात आधी पांढरी रेशमी जाळी, नंतर गुलाबी थर, साल तडकते आणि पुढची फांदी वाळते. अशी फांदी निरोगी भागापासून कापून काढा, नष्ट करा आणि कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावा.

शैवाक खरवडू नका. जखमी सालीतून रोग आत शिरतात. झाड खंगलेलं असेल तर मुळं, निचरा आणि खतपाणी तपासा. पानं विरळ झाली की खोडावर ऊन पडतं आणि शैवाक फोफावतो, म्हणून दुबळ्या झाडावर तो जास्त दिसतो. झाड त्याच्यामुळे दुबळं झालेलं नसतं.

जात ओळखून हवी असेल तर छाटलेल्या फांदीचा तुकडा वाळवून कागदी पाकिटात ठेवा, वर झाडाचं नाव आणि तारीख लिहा. प्लॅस्टिकच्या पिशवीत नमुन्यावर बुरशी चढते.