कुत्र्याचा जीन, माणसाचा जीन: तुलना करायला नवीन असाल तर आधी हे वाचा

मास्टर्सच्या प्रोजेक्टला गाईडनी अ‍ॅमायलेज दिलं, म्हणजे स्टार्च पचवणारं एन्झाइम, आणि मी म्हटलं सोप्पंय, कुत्र्याचा एएमवाय२बी (हे एन्झाइम बनवणारा जीन) घ्यायचा, माणसाचा एएमवाय२बी घ्यायचा, शेजारी शेजारी लावायचे, झालं. नाव एकच आहे ना! तिथेच माती खाल्ली.

माणसात एएमवाय१ लाळेत चालतो, २ए आणि २बी स्वादुपिंडात, आणि ही फाटाफूट माकड-माणसाच्या वंशात नंतर झालीये, कुत्र्याचे पूर्वज वेगळे झाल्यावर. म्हणजे कुत्र्याचा जीन या सगळ्यांचाच ऑर्थोलॉग (एकाच पूर्वज जीनपासून दुसऱ्या प्रजातीत आलेला जीन), एकट्या २बीचा जोडीदार नाही. गंमत बघा, लांडग्यात साधारण २ कॉपी असतात, कुत्र्यात ४ ते ३० सापडल्या (२०१३ चा पेपर), आणि माणसातही कॉपी वाढल्यात पण त्या लाळेवाल्या जीनच्या. तर एन्सेम्बलवर (जीनोमची ऑनलाइन माहितीपेढी) जीन उघडलात की आधी ऑर्थोलॉगचा तक्ता बघा, वन-टू-वन (एकाला एक) लिहिलंय का वन-टू-मेनी (एकाला अनेक), मगच अलाइनमेंट, म्हणजे सिक्वेन्स शेजारी शेजारी लावणं.

दुसरा घोळ असेंब्लीचा, म्हणजे तुकडे जोडून बनवलेल्या जीनोमच्या आवृत्तीचा. कुत्र्याचा जीनोम २००५ साली आला तो टाशा नावाच्या बॉक्सर कुत्रीचा, नंतर नवीन असेंब्ल्या आल्या, जर्मन शेफर्डची पण. मी जुन्या पेपरातली पोझिशन घेतली कॅनफॅम३ ची (कुत्र्याच्या असेंब्लीची जुनी आवृत्ती), जीनोम ब्राउझर उघडा कॅनफॅम४ वर, आणि दोन दिवस विचार करतोय की इथे एक्झॉनच (जीनचा कामाचा तुकडा) कसा नाही! लिफ्टओव्हर, म्हणजे एका असेंब्लीतली पोझिशन दुसरीत बदलून घेणं, करायचं विसरू नका. आणि क्रोमोसोम नंबरवर तर अजिबात जाऊ नका, कुत्र्यात ३९ जोड्या, आपल्यात २३, त्यांचा १ म्हणजे आपला १ नव्हे.

हे टूल वगैरे शिकता येतं हो, पण जीन जुळला म्हणून आजारही तसाच होतो हे डोक्यातून काढायला मला वेळ लागला. डॉबरमनमधली नार्कोलेप्सी (अचानक झोप येण्याचा आजार) घ्या, १९९९ मध्ये कळलं की हायपोक्रेटिनचा (जागं ठेवणारं मेंदूतलं रसायन) रिसेप्टर, एचसीआरटीआर२, बिघडलेला असतो. माणसात बहुतेक पेशंटचा तो जीन ठणठणीत असतो, हायपोक्रेटिन बनवणाऱ्या पेशीच मेलेल्या असतात. सिग्नल तोच, तुटला वेगळ्या जागी. उलट आरपीई६५ या दृष्टीशी संबंधित जीनमध्ये मात्र जमलं, ब्रियार्ड जातीच्या आंधळ्या कुत्र्यांवर जीन थेरपी चालली आणि २०१७ मध्ये त्याच जीनसाठी माणसांच्या औषधाला अमेरिकेत मंजुरी मिळाली.