पहिल्यांदा पीसी जोडताय? या चुका टाळा, आणि डिस्प्ले आला नाही तर आधी हे बघा

गेल्या दिवाळीत भाच्याचा फोन आला, रात्री साडेदहाला, आवाज पार रडवेला झालेला. "मामा, रॅम मेलीया बहुतेक. पंखे फिरायलेत, लाइटी लागल्यात, पण स्क्रीन काळीच हाय." पोरगा मिरजेत राहतो, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, वर्षभर पैसे साठवून एकेक पार्ट मागवला होता आणि सकाळपासून एकटाच जोडत बसला होता. मी सांगलीच्या विश्रामबागेतनं गाडी काढली आणि गेलो.

जाऊन बघतो तर बोर्डावरचा (मदरबोर्ड, ज्यावर सगळे पार्ट बसतात) डीरॅमचा म्हणजे रॅमचा दिवा पेटलेला, आणि हा दर अर्ध्या मिनिटाला बटण दाबून बंद करतोय, रॅम काढतोय, दुसऱ्या स्लॉटात घालतोय, परत चालू. म्हणलं आता दोन्ही रॅम सीपीयूपासनं (प्रोसेसरपासनं) दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटात घाल, चालू कर आणि हात लावू नको. ताईनं तेवढ्यात चहा टाकला. चहा उकळून कपात येईपर्यंत मॉनिटरवर बायोसचं (बोर्डात आधीपासून असलेल्या सुरुवातीच्या प्रोग्रॅमचं) पान आलं, आणि पोराच्या डोळ्यात पाणी आलं.

झालं काय होतं, तर एएम५ सॉकेटच्या (सॉकेट म्हणजे प्रोसेसर बसायची जागा, एएम५ ही एएमडी कंपनीच्या प्रोसेसरची) बोर्डावर फक्त डीडीआर५ पिढीची रॅम चालते, आणि नवीन रॅम पहिल्यांदा लागली की बोर्ड आधी तिच्याशी जुळवून घेतो, त्याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. त्यात कित्येक मिनिटं जाऊ शकतात आणि तोवर स्क्रीन काळीच असते. मधेच बंद केलं की ते परत पहिल्यापासून सुरू. म्हणजे रॅम चांगली होती, बोर्ड चांगला होता, त्याला फक्त वेळ मिळत नव्हता. म्हणून पहिल्यांदा चालू केल्यावर दहा मिनिटं तरी थांबा, मग काय ते ठरवा.

मी आजवर मित्रांचे, पाहुण्यांचे जेवढे "मेलेले" नवीन पीसी बघितले त्यातल्या बहुतेकांत एकही पार्ट मेलेला नव्हता. कुठली तरी वायर लावायची राहिलेली किंवा अर्धीच बसलेली, एवढंच. आणि तेवढ्यासाठी लोक बोर्ड परत पॅक करून पुण्याला कुरिअर करतात, पंधरा दिवस वाट बघतात आणि तोच बोर्ड "नो फॉल्ट" लिहून परत येतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

सगळ्यात जास्त वेळा दिसलेली चूक म्हणजे प्रोसेसरची पॉवर. एसएमपीएसची (पीसीला पॉवर देणाऱ्या डब्याची) मोठी २४ पिनची वायर सगळे लावतात कारण ती दिसतेच. पण बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात अजून एक ८ पिनचा सॉकेट असतो, तो फक्त प्रोसेसरसाठी. कॅबिनेटात बोर्ड बसला की तो कोपरा पंख्याच्या मागं दडतो, मग वायर राहून जाते. पंखे फिरतात, लाइटी लागतात, त्यामुळं माणसाला वाटतं पॉवर तर येतीये. माधवनगरच्या एका मित्राचा पीसी दोन दिवस असाच पडून होता, उघडला तर ती वायर मागच्या बाजूला गुंडाळून झिप टायनं बांधून ठेवलेली, जास्तीची वाटली म्हणून. आणि दुसरं असं की ती वायर चार अधिक चार अशी दुभंगते, ग्राफिक्स कार्डाची सहा अधिक दोन अशी. दोन्ही ८ पिनच्या असल्या तरी वेगळ्या, एकीच्या जागी दुसरी जोर लावून घुसवू नका, वायरीवर सीपीयू किंवा पीसीआयई असं छापलेलं असतं ते वाचा. मॉड्युलर, म्हणजे वायरी सुट्या निघणारा, एसएमपीएस असेल तर त्याच्याच डब्यातल्या वायरी वापरायच्या. मित्राकडची जुनी वायर सॉकेटात बसते म्हणून लावली आणि हार्ड डिस्क जळाली असं होतं, कारण एसएमपीएसकडच्या टोकाला पिनांची मांडणी प्रत्येक कंपनीची वेगळी असते.

आता खरेदीच्या वेळच्या चुका, कारण जोडायच्या आधीच अर्धा घोळ तिथं होतो.

प्रोसेसर आणि बोर्डाचा सॉकेट एकच पाहिजे हे बहुतेकांना माहीत असतं. पण इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटमध्ये काही बोर्ड डीडीआर४ चे असतात आणि काही डीडीआर५ चे, नाव जवळजवळ सारखंच. दोन्ही रॅमला २८८ पिनाच असतात पण खाच वेगळ्या जागी, त्यामुळं एक दुसऱ्यात बसतच नाही, आणि बसत नाही म्हणून दाबू नका. बायोसचं पण बघून घ्या. जुना स्टॉक पडून असलेला बी४५० बोर्ड (एएमडीच्याच जुन्या एएम४ सॉकेटचा) घेतला आणि त्यावर रायझन ५६०० लावला तर बायोस अपडेट केल्याशिवाय चालू होणार नाही असं होऊ शकतं. काही बोर्डांना प्रोसेसर न लावता पेन ड्राइव्हवरनं बायोस टाकायची सोय असते, पहिल्यांदा जोडणाऱ्यानं तसलाच घ्यावा असं माझं मत आहे, दोन पैसे जास्त गेले तरी.

आणि प्रोसेसरच्या नावातलं शेवटचं अक्षर वाचा. इंटेलच्या आय५ १२४०० मध्ये ग्राफिक्स (स्क्रीनवर चित्र दाखवणारा भाग) आतच आहे, १२४००एफ मध्ये नाही. रायझन ५६०० मध्ये नाही, ५६००जी मध्ये आहे, ७६०० मध्ये कामापुरतं आहे. "ग्राफिक्स कार्ड नंतर घेऊ, आता तसंच चालवू" म्हणून एफवाला प्रोसेसर आणला तर डिस्प्ले कुठनंच येणार नाही, बोर्डाला एचडीएमआयचं भोक दिसत असलं तरी. आणि याच्या उलट, कार्ड लावलंय पण मॉनिटरची वायर मात्र सवयीनं बोर्डाच्या एचडीएमआयला. ही चूक शिकली-सवरलेली माणसं करतात, म्हणून डिस्प्ले नाही म्हणलं की मी आधी मागं वाकून वायर कुठं लावलीये तेच बघतो.

एम.२ एसएसडीचं (बोर्डावरच बसणाऱ्या पातळ डिस्कचं) पण असंच. दिसायला सगळ्या सारख्याच, पण काही साटाच्या असतात काही एनव्हीएमईच्या, हे जोडणीचे दोन वेगळे प्रकार, आणि बोर्डाचा स्लॉट कुठली घेतो ते मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. काही बोर्डांवर एम.२ लावली की एखाद-दोन साटा पोर्ट बंद पडतात, मग जुनी हार्ड डिस्क दिसत नाही म्हणून माणूस घाबरतो. वायर दुसऱ्या पोर्टात लावून बघा.

जोडताना घाई करू नका, आणि एक गोष्ट माझ्यासाठी कराच, पहिली टेस्ट कॅबिनेटच्या बाहेर घ्या. बोर्डाचा पुठ्ठ्याचा डबा टेबलावर ठेवायचा, त्यावर बोर्ड, प्रोसेसर, हीटसिंक (प्रोसेसर थंड ठेवणारा), एकच रॅम, दोन्ही पॉवर वायरी, गरज असेल तर कार्ड. कार्ड असेल तर मॉनिटर त्यालाच, नसेल तर बोर्डाला. मग पॉवर स्विचच्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरचं टोक अलगद एकदा टेकवायचं, तेवढ्यानं चालू होतो. इथं बायोस दिसलं की समजा मुख्य पार्ट चांगले आहेत, आणि नंतर कॅबिनेटात गेल्यावर बिघडलं तर चूक कॅबिनेटातल्या जोडणीत शोधायची. अर्धा तास जातो, पण पुढची अख्खी रात्र वाचते.

कॅबिनेटात बोर्ड बसवायच्या आधी पितळी स्टँडऑफ (बोर्ड ज्यावर टेकतो ते छोटे खांब) मोजा. बोर्डाला जिथं भोक आहे बरोबर तिथंच स्टँडऑफ पाहिजे, आणि जिथं भोक नाही तिथं राहिलेला काढून टाकायचा, नाहीतर तो बोर्डाच्या पाठीमागं टेकतो आणि शॉर्ट होतो, बटण दाबलं की पंखा जरासा फिरून बंद पडतो. मागच्या पोर्टांभोवतीची पत्र्याची पट्टी वेगळी आली असेल तर ती बोर्डाआधी बसवा. नंतर आठवलं तर सगळं परत खोलावं लागतं.

प्रोसेसर बसवताना त्रिकोणाची खूण त्रिकोणाला जुळवायची आणि सोडून द्यायचं, तो आपल्या वजनानं बसतो. एएम४ ला पिना प्रोसेसरला असतात, एएम५ आणि इंटेलला बोर्डाच्या सॉकेटात, आणि त्या वाकल्या तर वॉरंटी बहुतेक जातेच. सॉकेटावरचं काळं प्लास्टिकचं झाकण फेकू नका, बोर्ड वॉरंटीत द्यायची वेळ आली तर ते लावूनच द्यावं लागतं.

एएम४ च्या बाबतीत एक माझ्या हातनं झालेलं सांगतो. प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधली पेस्ट बदलायची म्हणून हीटसिंकचे स्क्रू काढले आणि सरळ वर ओढला. पेस्ट वाळून घट्ट झाली होती, सॉकेटचा लिव्हर लावलेला असून पण प्रोसेसर हीटसिंकला चिकटून वर आला आणि एका ओळीतल्या पिना वाकल्या. एटीएम कार्डाच्या कडेनं एकेक पिन सरळ करत बसलो, दीड तास, मोबाइलचा टॉर्च तोंडात धरून. चालला नंतर, पण तो दीड तास मी विसरलो नाही. तेव्हापासनं आधी पीसी दहा-पंधरा मिनिटं चालवून गरम करतो, मग बंद करून हीटसिंक डावी-उजवीकडं हळूहळू फिरवत सैल करतो, आणि मगच उचलतो.

पेस्ट वाटाण्याएवढी, मधोमध. कंपनीच्या हीटसिंकला आधीच लावून आली असेल तर वरनं आणखी थापू नका. विकत घेतलेल्या हीटसिंकच्या तळाला प्लास्टिकचा पातळ कागद असतो तो काढा, तो राहिला की प्रोसेसर बघता बघता ९० डिग्रीच्या पुढं जातो. आणि हीटसिंकच्या पंख्याची वायर सीपीयू फॅन लिहिलेल्या जागीच लावा.

रॅम दाबताना मुलं घाबरतात. ती दोन्ही टोकांना खट आवाज येईपर्यंत दाबायचीच असते, अर्धी बसलेली रॅम हे नो डिस्प्लेचं अगदी नेहमीचं कारण. ग्राफिक्स कार्डाचं पण तसंच, सगळ्यात वरच्या लांब स्लॉटात, खट होईपर्यंत, आणि त्याची पॉवर वायर पूर्ण आत.

तरी पण डिस्प्ले नाहीच, तर बोर्डावरचे चार छोटे दिवे बघा, बऱ्याच बोर्डांना असतात, सीपीयू, डीरॅम, व्हीजीए (ग्राफिक्स), बूट. जो पेटून राहतो तिथं शोधायचं. सीपीयू असेल तर आधी ती ८ पिनची वायर, मग बायोस. डीरॅम असेल तर थांबून बघा, मग एकच रॅम ठेवून. व्हीजीए असेल तर कार्ड काढून परत बसवा, वायर तपासा. बूटचा दिवा म्हणजे घाबरायचं काही नाही, विंडोज अजून टाकलेलीच नाही एवढाच त्याचा अर्थ असतो बहुतेक वेळा. काहीच कळेना तर मेन स्विच बंद करून बोर्डावरचा सीआर२०३२ सेल पाच-दहा मिनिटं काढून ठेवा आणि परत लावा, बायोसच्या सेटिंग पहिल्यासारख्या होतात. बटण दाबून काहीच हालचाल नसेल, पंखा पण नाही, तर एसएमपीएसच्या मागचं बटण बघा, आणि फ्रंट पॅनलच्या (कॅबिनेटच्या बटणाच्या आणि दिव्यांच्या) बारक्या वायरी मॅन्युअल समोर ठेवून परत लावा. पॉवर स्विचची वायर उलटी लागली तरी चालते, एलईडीची नाही.

आपल्याकडची एक गोष्ट मात्र वेगळी सांगायलाच पाहिजे, ती म्हणजे अर्थिंग. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, "असं होतंच की" म्हणून लोक सोडून देतात. एसएमपीएसच्या फिल्टरमधून थोडासा करंट पत्र्यावर येतो, अर्थिंग असेल तर तो जमिनीत जातो, नसेल तर तुमच्या हातातनं जातो. तीन पिनचा प्लग दोन पिनच्या अडॅप्टरमध्ये घालून चालवू नका. सांगलीत २०१९ च्या आणि २०२१ च्या महापुरात ज्या घरांत पाणी शिरलं तिथलं वायरिंग आणि अर्थिंग वायरमनकडनं एकदा तपासून घ्याच, मग पीसी लावा.

यूपीएसचं पण गणित करा. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटचा असतो. गेम चालू असताना कार्ड, प्रोसेसर आणि मॉनिटर मिळून तेवढा लोड सहज होतो, मग लाइट गेली की यूपीएस टूं करून पीसीसकट बंद, आणि माणूस एसएमपीएसला दोष देतो. पावसाळ्यात आपल्याकडं लाइट किती वेळा जाते ते तुम्हाला माहीतच आहे, तेव्हा इथं काटकसर नको.

चालू झाल्यावर दोन-तीन गोष्टी राहतात. डीडीआर५ ची ६००० वेगाची रॅम घेतली तरी बोर्ड ती आपणहून ४८०० च्या आसपासच चालवतो, बायोसमध्ये एक्सपो किंवा एक्सएमपी ही रॅम पूर्ण वेगानं चालवायची सेटिंग चालू करावी लागते. १४४ हर्ट्झचा मॉनिटर विंडोजमध्ये ६० वर असू शकतो, डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन बदला. विंडोज ११ टाकताना नवीन बोर्डाचा लॅन किंवा वायफाय ओळखला जात नाही असं होतं आणि इन्स्टॉल तिथंच अडकतं, म्हणून ड्रायव्हर आधीच दुसऱ्या पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवा. विंडोज १० टाकायचा विचार असेल तर त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय.

कॅबिनेटचे पंखे समोरनं हवा आत आणि मागनं बाहेर असे लावा, पंख्याच्या ज्या बाजूला आडव्या दांड्या असतात तिकडनं हवा बाहेर पडते. आणि गळीत हंगामात कारखान्याच्या जवळपास राहत असाल तर गच्चीवर पडते तीच काजळी समोरच्या जाळीवर पण बसते, भाच्याला मी सांगितलंय, ऊस चालू आहे तोवर दर पंधरा दिवसांनी जाळी काढून धुवायची, वाळवायची, मगच लावायची.