वळवाचा वारा आणि उभं विमान : या चुका टाळा

नाव असलेलं वादळ येणार म्हटलं की सगळे जागे होतात. ३ जून २०२०ला 'निसर्ग' रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, पुढच्या मेमध्ये 'तौक्ते' सिंधुदुर्गापासून वर गुजरातपर्यंत किनारा घासत गेलं. दोन्ही वेळा आधीपासून इशारे होते. ज्याच्याकडे मायक्रोलाइट, म्हणजे एक-दोन माणसांचं हलकं विमान, आहे त्याला पंख उतरवून, टेम्पोत घालून ते घाटावर न्यायला अशा वेळी पुरेसा अवधी मिळतो. खरा दगा देतो तो मे महिन्यातला बिननावाचा वळीव. दुपारी तीनपर्यंत पान हलत नाही, चारला सह्याद्रीवर काळं दाटतं आणि साडेचारला विमान उताणं. हवामान खात्याने सकाळीच सांगितलेलं असतं, 'विजांच्या कडकडाटासह ताशी ४० ते ५० किमी वेगाने वारे'. आपण ते वाचतो आणि म्हणतो, 'हे तर रोजचंच.'

रोजचंच आहे, पण विमानाच्या हिशोबात तो आकडा लहान नाही. दोन माणसांचं, भरल्या वजनाला ४५० किलोचं आणि ताशी ६५ किमीला स्टॉल होणारं, म्हणजे त्याखाली पंखांची उचल अपुरी पडणारं, विमान घ्या. म्हणजे ताशी ६५च्या वाऱ्यात त्याचे पंख जास्तीत जास्त ४५० किलो उचलू शकतात. उभं असताना त्यात ना माणसं, ना फारसं पेट्रोल. वजन धरा २३० किलो. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने बदलतो, त्यामुळे एवढं वजन उचलायला ताशी ४६ किमी पुरतात. इंजिन चालू आहे की बंद, पंखाला त्याच्याशी देणंघेणं नाही. हा हिशोब पंख वाऱ्याला वाईटात वाईट कोनात सापडला तरचा आहे, हे खरं. पण शेपटीकडे चाक असलेली विमानं मुळात नाक वर करूनच उभी असतात. पुढे चाक असलेल्यांचं नाक पहिला झोत वर करतो, दुसरा पुढचं काम करतो.

नाक समुद्राकडे केलं, झालं काम?

किनाऱ्यावर वर्षाचे कितीतरी महिने दुपारी खारा वारा पश्चिमेकडून, वायव्येकडून येतो. म्हणून विमान समुद्राकडे तोंड करून लावायची सवय लागते. सवय वाईट नाही, अपुरी आहे. वळवाचा ढग घाटावर वाढतो आणि त्याच्या पोटातून सुटलेला थंड झोत पूर्वेकडून खाली येतो, म्हणजे थेट शेपटीवर. मागून आलेला वारा उचलतो कमी, पण शेपटीची हलती पाती, आडवा एलिव्हेटर आणि उभा रडर, टोकापर्यंत आपटून बिजागऱ्या खिळखिळ्या करतो. चक्रीवादळात तर दिशा फिरत राहते. वादळ समुद्रातून उत्तरेकडे सरकत असेल तर किनाऱ्यावर आधी पूर्व-आग्नेयेचा वारा लागतो, मग दक्षिणेचा, मग नैर्ऋत्येचा. तेव्हा नाक कुठेही असो, बांधणी चारही दिशांना पुरेल अशीच हवी.

बंदरावरच्या बावट्याकडेही लक्ष ठेवा. तीन नंबरचा बावटा म्हणजे वादळ दूर कुठेतरी नाही, खुद्द या बंदरावर सोसाट्याचा वारा येऊ शकतो. मच्छीमार तो पाहून होड्या ओढतात. विमानवाल्याने मोबाइलवरचं ढगाचं चित्र पाहत बसण्यापेक्षा हे बघितलेलं बरं.

जमीन न ओळखता ठोकलेली खुंटी

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, कारण कोकणात शंभर पावलांवर जमीन बदलते.

सड्यावर वर बोटभर लाल माती आणि खाली जांभ्याचा कातळ. खुंटी सहा इंच जाते, ठण्ण आवाज येतो आणि माणूस समाधानाने म्हणतो, 'घट्ट बसली.' बसलेली नाही, टेकलेली आहे. कातळात ड्रिलने भोक पाडून, धूळ फुंकून, त्यात कडी असलेली सळई ग्राउटने पक्की करावी लागते. जांभा वरून कडक दिसला तरी आत पोकळ, जाळीदार असतो. भोक पाडताना ड्रिल एकदम आत धसलं तर ती जागा सोडा, हातभर सरकून दुसरी धरा.

पुळणीवर उलटी गत. वाळूत मळसूत्री खुंटी सहज फिरते, तेवढ्याच सहज वर येते. वाळूत धरते ती पुरलेली आडवी वस्तू. हात-दीड हात लांब जाड फळी किंवा वाळूने भरलेलं पोतं घ्या, मधोमध दोर बांधा, दोन-अडीच फूट खोल आडवं पुरा आणि वर वाळू पाणी मारून दाबा. पोटात पुरलेली फळी बाहेर यायची तर वरची सगळी वाळू उचलायला लागते. भरतीची रेघ मात्र आधी बघा, उधाणाची.

मळ्याच्या, भातखाचराच्या मातीचा फसवेपणा वेगळाच. मेमध्ये ती दगडासारखी असते, खुंटी पहारीने उपटावी लागते. पहिल्या दोन सरी पडल्या की तीच खुंटी हाताने निघते. म्हणजे ज्या दिवशी तिची गरज, त्याच दिवशी ती नादुरुस्त. खुंटीची परीक्षा घ्यायचीच असेल तर आजूबाजूला बादली-दोन बादल्या पाणी ओतून, तासाभराने दोन माणसांनी पहार अडकवून उपटून पाहा.

'खुंटी नको, वजन लावू' म्हणणाऱ्यांसाठी पुन्हा तोच हिशोब. वरचंच विमान ताशी ८०च्या झोतात वाईट कोनात सापडलं तर पंख साधारण ६८० किलो उचलतील. त्यातून विमानाचे २३० वजा करा. उरलेले ४५० किलो दोरांवर आणि त्यात झटक्याचा जोर धरलेला नाही. दोन्ही बाजूंना एकेक चिरा किंवा वाळूचं पोतं बांधून हे पेलणार नाही, उलट दोराला टांगलेला चिरा झोके घेत स्ट्रटवर, म्हणजे पंखाला खालून तोलणाऱ्या तिरक्या नळीवर, आपटेल. पाण्याने भरलेलं दोनशे लिटरचं पिंप एका पंखाला थोडंफार आधार देतं, पण ते घसरतं. टाकी पेट्रोलने भरून विमान जड करायचा सल्लाही देतात. चाळीस लिटर म्हणजे जेमतेम तीस किलो.

दोर

होडीवरचा टाकून दिलेला हिरवा-निळा प्लास्टिकचा दोर फुकट मिळतो म्हणून तोच विमानाला. उन्हात वर्षभर राहिलेला तो दोर नखाने खरवडून बघा, भुसा पडतो. काथ्याचा किंवा सुताचा दोर भिजला की आखडतो. सकाळी बेताने बांधलेला, पावसात पंखच खाली ओढून धरतो. नायलॉन मजबूत आहे पण ताणतो आणि ताणला की विमानाला उड्या मारायला जागा मिळते. पॉलिएस्टरचा दोर कमी ताणतो, उन्हात टिकतो. चार पैसे जास्त जातात, ते जाऊ द्या.

ट्रकवाल्यांचा रॅचेटचा पट्टा वापरायचा मोह होतो. चालेल, पण दोन गोष्टी पाळा. खटखट करत शेवटच्या दातापर्यंत आवळू नका, हलक्या विमानाचा पंख त्याने वाकतो. आणि पट्टा सपाट ठेवू नका. वाऱ्यात तो घूंऽऽ करत थरथरतो आणि कडीपाशी स्वतःलाच कापत जातो. मधे एक पीळ दिला की आवाजही बंद, झीजही बंद.

ढील किती? बोटभर. त्याहून जास्त असली तर वारा विमान उचलून झटका देतो आणि खुंटी निघते ती झटक्याने, नुसत्या ओढीने क्वचितच. दोर सरळ खाली न आणता पंचेचाळीस अंशांच्या आसपास बाहेर तिरका घ्या. सुरगाठ सरकते, निरगाठ भिजल्यावर कापावीच लागते. खलाशांची बोलाइन गाठ घाला, ती धरतेही आणि सुटतेही. येत नसेल तर जवळच्या जेटीवर कुणाही तांडेलाला विचारा, पाच मिनिटांत शिकवेल.

दोर बांधायचा तो उत्पादकाने दिलेल्या कडीला किंवा स्ट्रट पंखाला मिळतो त्या वरच्या टोकाला. स्ट्रटच्या मध्यावर बांधणं म्हणजे नळी वाकवायची सोय करणं. शेपटीलाही दोर हवाच. तो विसरला तर विमान नाकाभोवती गरागरा फिरतं. चाकांना पुढून-मागून दोन्हीकडे दगड, पण दगड म्हणजे बांधणी नव्हे.

मोकळे सोडलेले कंट्रोल

सीटबेल्ट स्टिकला, म्हणजे विमान चालवायच्या दांड्याला, गुंडाळला की कंट्रोल बांधले, असं बहुतेकांना वाटतं. कॉकपिटमधून ते बांधलेले दिसतातही. बाहेर येऊन एलेरॉनची, म्हणजे पंखाच्या मागच्या हलत्या पातीची, कड दोन बोटांत धरून हलवा. इंचभर हलते, टक-टक करते. वायरमधला लवचीकपणा आणि सांध्यांमधली ढील मिळून एवढा खेळ होतो. रात्रभराच्या वाऱ्यात ती टक-टक हजारो वेळा होते आणि बिजागरीचं भोक लांबट होतं. पाती बाहेरूनच धरायला हवीत. दोन पट्ट्या, आतून फोम किंवा जुन्या गालिच्याचा तुकडा, आरपार बोल्ट. एलेरॉन, रडर, एलिव्हेटर, तिन्हींना.

आणि त्यांना हातभर लांब लाल फीत लावा, कॉकपिटमधून दिसेल अशी. ३० ऑक्टोबर १९३५ला अमेरिकेत राइट फील्डवर बोइंगचं मॉडेल २९९ उडालं आणि लगेच कोसळलं. कंट्रोलचं कुलूप काढायचं राहिलं होतं. चालवत होते ते कसलेले वैमानिक. उड्डाणापूर्वीची चेकलिस्ट रूढ झाली ती या अपघातानंतर. वाऱ्यापासून वाचवणारी वस्तूच उडताना जीव घेते, म्हणून फितीची कंजुषी नको.

पंखाच्या वरच्या बाजूला, पुढच्या कडेपासून साधारण पाव रुंदीवर, फोम चिकटवलेली पट्टी लांबीभर बांधली तर पंखाची उचलच मरते. करायला सोपा, खर्चाला नगण्य आणि तरीही फार कमी लोक करतात असा हा उपाय आहे. कापडाचा पंख असेल तर पट्टी रिबवर, म्हणजे आतल्या फासळीवर, टेकेल हे बघा, नुसत्या कापडावर नको.

ताडपत्री, शेड आणि माड

ढिली ताडपत्री म्हणजे शीड. शिवाय ती फडफडताना आतली वाळू कापडावर आणि काचेवर घासते आणि खारट ओल कोंडून ठेवते. अंगाबरोबर शिवलेलं, पोटाखालून बांधता येणारं कव्हर असेल तरच घाला. नसेल तर विमान उघडं राहिलेलं परवडलं.

पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलं म्हणून दोर सोडू नका. एका बाजूने उघड्या शेडमध्ये वारा शिरला की आतून दाब आणि वरून ओढ, दोन्ही मिळून पत्रा जातो. 'निसर्ग'मध्ये श्रीवर्धन, मुरुड, दापोलीकडे छपरांचं काय झालं ते पाहिलेल्यांना वेगळं सांगायला नको. शेडमध्येही विमान जमिनीला बांधायचं, शेडच्या खांबाला नाही. माडाच्या सावलीचा मोहही टाळा. झावळीनेही डॅक्रॉनच्या कापडाचा पंख फाटतो, नारळाचं तर बोलूच नका. निवडणुकीच्या हंगामात शेजारच्या मैदानावर हेलिपॅड होणार असेल तर त्या दिवसापुरतं विमान लांब न्या. नेत्याच्या हेलिकॉप्टरचा खालचा झोत वळवाला भारी असतो.

ट्राइक, म्हणजे कापडी पंखाखाली टांगलेली तीन चाकी गाडी, असेल तर गोष्ट थोडी वेगळी. ते वाऱ्याला आडवं लावतात, वाऱ्याकडचा पंख खाली टेकवून बांधतात. पण जोराचा वारा येणार असेल तर त्याचा पंख उतरवणं हाच उपाय आहे. पंख उतरतो हाच त्याचा फायदा.

धरून ठेवायला धावू नका

१७ डिसेंबर १९०३ला किटी हॉकला राइट बंधूंनी चौथं, ५९ सेकंदांचं उड्डाण केलं. नंतर विमान जमिनीवर उभं असताना एका झोताने ते उलटवलं. जॉन डॅनियल्स नावाचा मदतनीस ते धरायला गेला, विमानाबरोबर गडगडत गेला, नशिबाने खरचटण्यावर निभावलं. ते विमान पुन्हा उडालं नाही. चारशे किलोची ओढ दोन माणसांच्या हातांनी थांबत नाही. वारा सुरू झाल्यावर विमानापाशी जाऊ नका. मोडेल ते मोडू द्या.

वारा गेल्यावर

विमान जागेवर उभं दिसलं म्हणजे धड आहे असं नाही. लगेच इंजिन सुरू करू नका. आधी लांबून, बरोबर समोरून आणि बरोबर मागून पाहा. दोन्ही पंखांची टोकं सारख्या उंचीवर आहेत का? चाकांमध्ये हवा सारखी असूनही एक टोक खाली असेल तर स्ट्रट किंवा त्याचा वरचा बोल्ट तपासा.

पंखाच्या कापडावर काल नसलेली तिरकी सुरकुती दिसली तर आतली नळी वाकलेली असण्याची शक्यता मोठी. कापड ओढून सुरकुती घालवू नका, आत बघा. स्टिक हलवताना खरखर लागली तर कप्पीवरून वायर सरकली आहे का पाहा. स्टिक एका बाजूला जास्त जात असेल तर एलेरॉनचा स्टॉप किंवा जोडदांडा वाकला आहे. रडर पाहताना शेपटीच्या नळीच्या बुडाशी हात फिरवा. शेपूट पिळली गेली की पहिली भेग तिथे पडते आणि ती डोळ्यांआधी नखाला लागते.

वायरच्या टोकाला, दाबून बसवलेल्या नळीतून तांबूस ओघळ आलेला असेल तर ती वायर बदला. तो गंज जुना, खाऱ्या हवेचा आहे, पण कालच्या झटक्यांनी राहिलेले धागे तुटले असतील. पंखाच्या मागच्या कडेची पाणी जाण्याची भोकंही काडी घालून मोकळी करा. तुंबलेलं पाणी एका पंखात काही किलो सहज भरतं. मग सगळं विमान गोड्या पाण्याने, बादली आणि मऊ फडक्याने धुवा. जोराच्या पाइपने नको, त्याने मीठ बेअरिंगमध्ये आत ढकललं जातं.

बोल्ट काढल्यावर त्याचं भोक गोल न राहता लांबट दिसलं, तर मोठा बोल्ट घालून भागवू नका. तो भागच बदलायचा आणि तो येईपर्यंत विमान दोराला.