खडपावरचं पोवळं बघायला जाताना

"मुंबईच्या समुद्रात कुठलं पोवळं?" असं भाचीने विचारलं, तेव्हा तिला वरळीच्या खडपावर, म्हणजे ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकाळ किनाऱ्यावर, नेऊनच दाखवलं. तुम्हालाही दिसेल, फक्त वेळ साधायला हवी.

वेळ काढायची आमच्या कोळीवाड्यातली रीत सोपी आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. द्वितीयेला भरती दीडला, त्यात सहा तास मिळवले की सकाळी साडेसातच्या सुमारास सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेनंतरचे दोन-तीन दिवस उधाणाचे, तेव्हाच पाणी खूप मागे हटतं. अष्टमीच्या आसपास भांग असताना, म्हणजे पाणी फारसं चढत-उतरत नसताना, जाऊ नका, अर्धं खडप पाण्याखालीच राहतं. हा हिशेब ढोबळ आहे, म्हणून भरती-ओहोटीचा तक्ताही बघून घ्या. पावसाळ्यात मात्र नकोच.

सुकतीच्या तासभर आधी पोचा. जाड तळाचे बूट घाला, कालवांच्या कडा ब्लेडसारख्या कापतात. ओल्या शेवाळावर पाय देऊ नका.

पोवळं डबक्यांच्या काठाला शोधा. तळहाताएवढा, राखाडी-तपकिरी गोळा; आधी दगडच वाटतो. उकिडवं बसून बघा. मधाच्या पोळ्यासारखी बारीक घरं दिसतील, प्रत्येकात कडेकडून मध्याकडे गेलेल्या रेघा. एकेका घरात एकेक जीव! त्याच्या अंगात राहणारं सूक्ष्म शेवाळ उन्हावर अन्न तयार करतं आणि त्यावर हा जगतो. म्हणून वर गाळ बसला की तो उपाशी पडतो. तुमच्या बुटाने उडालेला चिखलसुद्धा त्याला पुरेसा आहे, डबक्यात उतरू नका.

शेजारी बटणं शिवल्यासारखी हिरवी-तपकिरी चादर दिसली तर ते झोअँथिड, पोवळ्याच्याच नात्यातले जीव. हात लावू नका, काहींत जालीम विष असतं. शंकूसारखा सुंदर शंखही उचलू नका, आतली गोगलगाय डंख मारते.

पोवळ्याचा तुकडा तर अजिबात काढायचा नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत वाघाबरोबर तेही आहे. म्हणूनच कोस्टल रोड बांधताना, २०२० मध्ये, वरळी आणि हाजीअलीच्या खडपांवरच्या पोवळ्याच्या १८ वसाहती उचलून दुसरीकडे बसवल्या.

पाणी पालटलं की लगेच निघा. समोर समुद्र लांब दिसतो, पण मागची घळ आधी भरते. एकदा मी फोटोत रमले आणि परतताना भाचीला खांद्यावर घेऊन कमरेएवढ्या पाण्यातून यावं लागलं. आता मी जाताना घळीतला एक दगड हेरून ठेवते. तो बुडायला लागला की कॅमेरा पिशवीत.