कूलरला ॲडाप्टिव्ह कंट्रोल लावायचाय? मग आधी त्याला थोडं हलवत राहा

नागपूरच्या मे महिन्यात हवा एकदम कोरडी, कूलरचा स्पीड जरासा वाढवला की खोलीचं तापमान उतरतं, अन् जुलैत पाऊस लागला की तोच कूलर तेवढ्याच स्पीडला नुसती दमट हवा फेकत राहतो. एकदा ट्यून करून विसरून जायचा कंट्रोलर इथं चालतच नाही, चालता चालता स्वतःच शिकून बदलणारा, म्हणजे ॲडाप्टिव्ह, लागतो. (कमी व्होल्टच्या डीसी अडॅप्टरवर चालणारा, बीएलडीसी म्हणजे ब्रशलेस डीसी मोटरवाला कूलर घ्या भाऊ, २३० व्होल्टच्या वायरी अन् पाणी एकत्र नको.)

मॉडेल साधं ठेवा: पुढचं तापमान = ए × आत्ताचं तापमान + बी × स्पीड + सी. रिकर्सिव्ह लीस्ट स्क्वेअर्स (प्रत्येक नव्या रीडिंगनं अंदाज थोडा सुधारणारी पद्धत) लावून दर मिनिटाला ए, बी, सी हे तिन्ही आकडे अपडेट करायचे, कोड छोटासाच आहे.

खरी गोची पुढे आहे. कंट्रोलर जर स्पीड तापमानाच्या ठरलेल्या के पटीतच बदलत असेल तर डेटात फक्त ए + बी × के एवढंच दिसतं, त्यातला ए किती अन् बी किती हे रात्रभर रेकॉर्डिंग केलं तरी वेगळं निघत नाही. म्हणून स्पीडमध्ये मुद्दाम वरखाली ढकला, समजा ६० टक्क्यांवर चालू आहे तर कधी ७० कधी ५०, रँडम, नाणं उडवून ठरवलं तरी चालेल, पण प्रत्येक वेळी काही मिनिटं थांबा म्हणजे तापमानात सेन्सरच्या नॉइजपेक्षा मोठा फरक दिसेल. घरचे ओरडतील, साहजिक आहे: शिकायचं तर हलवावं लागतं अन् गार ठेवायचं तर स्थिर. सोव्हिएत कंट्रोल शास्त्रज्ञ फेल्डबाउमनं १९६० च्या सुमारास ड्युअल कंट्रोल म्हणून मांडलेली ओढाताण हीच.

बी ऋतूप्रमाणे बदलतो, म्हणून जुना डेटा विसरायला लॅम्डा (दर नव्या रीडिंगला जुन्याचं वजन ज्या आकड्याने गुणून कमी होतं तो) ०.९८ ठेवा, म्हणजे साधारण शेवटची ५० रीडिंगं लक्षात राहतात. पण रात्री सगळं शांत असताना नवीन माहिती येत नाही अन् विसरणं मात्र चालूच राहतं, आठ तासात पी मॅट्रिक्स (ए, बी, सी बद्दल किती खात्री नाही ते सांगणारा तक्ता) सुमारे १६ हजार पट फुगू शकतो, मग सकाळी कोणी दार उघडलं की आकडे कुठच्या कुठे उडतात. एरर अन् हालचाल छोटी असेल तेव्हा अपडेट सरळ बंद ठेवा.

अन् स्पीड वाढला की तापमान उतरायला हवं, म्हणून बी कधीच पॉझिटिव्ह होऊ देऊ नका, शून्याच्या फार जवळही नाही, कारण कंट्रोलर बीने भागतो. पावसाळ्यात तो त्या मर्यादेला चिकटूनच बसला तर पंप बंद करा अन् नुसता पंखा चालवा.