दस्तावरचा तो डॉलर नव्हे: जुने चलनदर काढताना या चुका टाळा

गेल्या चतुर्थीला फोंड्याच्या मामेभावाने 1960 च्या एका एस्क्रितुराचा (पोर्तुगीज काळातल्या खरेदीखताचा) फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, "दादा, आजोबांनी कुळागर डॉलर देऊन घेतलं होतं!" (कुळागर म्हणजे सुपारी-नारळाची बाग.) किमतीच्या जागी 12.600$00 असा आकडा. त्याने तेव्हाचा डॉलरचा दर शोधला, 4.76 रुपये, आणि गुणाकार करून साठ हजार रुपये काढले. दुबईत असलेला त्याचा मेहुणा म्हणे, छे, ते साडेबारा डॉलर आहेत. गणित दोघांचंही बरोबर होतं.

पोर्तुगीज कागदांत $ हे चिन्ह आकड्याच्या मधे येतं, आपण दशांश चिन्ह देतो त्या जागी. डावीकडे एस्कुदो हे पोर्तुगीज चलन, उजवीकडे त्याचे सुटे, सेंताव्हो. टिंब आहे ते हजार वेगळे दाखवायला. म्हणजे किंमत 12,600 एस्कुदो. एका रुपयाला 6 एस्कुदो या दराने 2,100 रुपये.

दर शोधण्याआधी नाणं ओळखा

गोव्यातल्या जुन्या कागदांत सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. एस्कुदो इथे आला तो 1958 च्या बदलानंतर. त्याआधी गोव्याचं चलन होतं रुपिया, आणि मराठी वह्यांत त्यालाही 'रुपये'च लिहिलेलं असतं. पोर्तुगीज आणि ब्रिटिश सरकारांत 1878 मध्ये करार झाला. त्यानंतर रुपिया ब्रिटिश हिंदुस्थानच्या रुपयाच्या बरोबरीचा झाला, म्हणून त्या काळातल्या वहीत हा फरक सहसा नडत नाही. नडतात ते सुटे पैसे. 1871 पूर्वी रुपियाचे 600 रेईस होत, नंतर 960 रेईस म्हणजेच 16 टांगा (घोड्याचा नव्हे, आण्याचा भाऊ). पणजोबांच्या पणजोबांचा कागद हाती आला असेल, तर भागाकार करण्याआधी साल बघा.

रुपिया जाऊन एस्कुदो आला तोही 1 ला 6 याच दराने. त्यामुळेच बांको नासियोनाल उल्त्रामारिनो या नोटा काढणाऱ्या पोर्तुगीज बँकेच्या 1959 च्या नोटा 30, 60, 300, 600 अशा चमत्कारिक रकमांच्या आहेत. त्या जुन्या 5, 10, 50 आणि 100 रुपियांच्याच नोटा, नवे कपडे घातलेल्या. 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला आणि भारतीय रुपया आला, तेव्हाही हिशेब सहानेच झाला.

हा सहाचा आकडा पटत नसेल तर तिसऱ्या चलनातून पडताळा घ्या. त्या काळी एका डॉलरला 28.75 एस्कुदो पडत आणि 4.76 रुपये. 28.75 ला 4.76 ने भागा, 6.04 येतात. कुठलाही जुना दर असा तिसऱ्याकडून तपासून घ्यायची सवय ठेवा. 1947 ला एक डॉलर एक रुपयाला होता, ही फिरणारी थापही अशीच पकडता येते. पौंड तेव्हा 13.33 रुपयांना आणि 4.03 डॉलरना होता. भागाकार केला की डॉलर 3.31 रुपयांचा निघतो.

काही जण एस्कुदोचा युरो करतात, 200.482 ने भागून. तो दर ठरला 1998 च्या अखेरीस, तोही पोर्तुगालच्या एस्कुदोसाठी, आणि मधल्या काळात त्या एस्कुदोची किंमत पार घसरली होती. या वाटेने आमचं कुळागर 63 युरोंना जातं. आजच्या भावात किती, हा प्रश्न तर चलनदराचा नाहीच. तो महागाईचा आणि जमिनीच्या भावाचा.

कुवेतच्या पगाराची वही

गोव्यातल्या बऱ्याच घरांत ही दुसरी वही सापडते. कुवेतमध्ये 1961 पर्यंत भारतीय रुपयाच चालत असे (आखातासाठी 1959 पासून वेगळ्या नोटा होत्या). मग दिनार आला, 1 दिनारला 13.33 रुपये, म्हणजे पौंडाइतकाच. म्हणून लोक दिनारचा दर मिळाला नाही की पौंडाचा घालतात. 1967 च्या नोव्हेंबरपर्यंत हे चालून जातं. तेव्हा पौंडाचं अवमूल्यन होऊन तो 18 रुपयांवर आला. दिनार मात्र 21 वरच राहिला.

हे 21 कुठून आले? 6 जून 1966 ला रुपयाचं अवमूल्यन झालं आणि डॉलर 4.76 वरून एकदम 7.50 ला गेला, आणि त्याच प्रमाणात 13.33 चा दिनार 21 ला. त्या वर्षाची सरासरी काढली तर 6.33 च्या आसपास येते, आणि या भावाने वर्षभरात एकाही दिवशी कुणी डॉलर घेतला नव्हता. मे महिन्यातल्या मनीऑर्डरीला 4.76, जुलैतल्या मनीऑर्डरीला 7.50. जुलै 1991 लाही तारीख अशीच महत्त्वाची, कारण 1 आणि 3 तारखेला दोन टप्प्यांत रुपया खाली आणला गेला. 2 ऑगस्ट 1990 नंतरचे, इराकच्या ताब्यातले कुवेतचे महिने तर रिकामेच सोडा. आधीचा आणि नंतरचा दर रेघेने जोडून त्यांत आकडे भरू नका.

आयकरासाठी हिशेब करत असाल तर गूगलवरचा मधला दर चालत नाही. आयकराचे नियम स्टेट बँकेचा टीटी खरेदी दर (बँक परकीय चलन विकत घेते तो दर) मागतात. बाकी कामाला रविवारी आणि सुट्टीला आदल्या कामकाजाच्या दिवसाचा दर पुरतो.

उत्तर विचित्र आलं तर ते अपेक्षित आकड्याच्या किती पट आहे ते बघा. 36 पट असेल तर सहाने भागायच्या जागी गुणलं. साडेअठ्ठावीस पट असेल तर $ ला डॉलर समजलात. हजारपट फरक असेल तर टिंब चुकलं, किंवा दिनारचे फिल्स (दिनारचे फिल्स 1000, शंभर नव्हेत). दीडपटीहून थोडं जास्त असेल तर 1966 चा जून. पण कागद 1871 च्या आसपासचा असेल तर रेईस, कारण 600 आणि 960 चं प्रमाणही जवळपास तितकंच. मामेभावाचे साठ हजार 2,100 च्या साडेअठ्ठावीस पटच निघाले. मेहुणा अजून साडेबारावर ठाम आहे.